नागड्या सोजीरांचे कपडे

२ सप्टेंबर १९७६, गुरुवार

आज हासू हासू पोट दुखलं! फूलचंद शेठच्या कपाटात सोजीर नागडे उभे!

मी मंगरूळले दोरा आनाले गेली होती. शेठच्या कापडाच्या दुकानात काचंचं कपाट हाय, त्यात इलायती बाहुले. शेठचा भाऊ परदेशात राह्यते, तो दरसाली एक धाडते. सगळे सोजीरच, पलटनीतले गोरे शिपाई. दीड वीत उंच. कोपर मुडपते, गुडघा मुडपते, मान फिरते. शेठ कोनाले हात लावू देत नाही — सोताच्या पोराइले बी नाही. अन आता पर्युषणात महाराज व्याख्यानात बोलले म्हने, घरात हत्यार नोको, खेळन्यातलं बी नोको. झालं! शेठनं बंदुका काढल्या, सुरे काढले. मंग वर्दी बी हत्यारातच धरली, ते बी काढली! कंचनबाई शेठाणीनं लाजंकाजं कपाटाले पडदा लावला. गिऱ्हाइकं मुद्दाम पडदा उचलून पाह्यतात.

शेठ मले म्हने, "रुपाबाई, तुम्ही लेकराइचे झबले शिवता. यांचे कपडे शिवून द्यान का?"

म्हटलं, "देईन. पन माप घ्याची लाज वाटते शेठजी. परपुरुष हायेत!"

शेठ लाल लाल झाला. शेठाणी आतून खुदकन हासली.

६ सप्टेंबर

शेठले सोजीर नोको, आपल्या मुलखातले मानसं पाह्यजेत. पाटील, पोस्टमन, कंडक्टर, असे. रेशीम चालत नाही — किडे मरतात. चामडं तर नाहीच नाही, घरात येऊ द्याचं नाही म्हने. सगळं सुती.

दोन बाहुले पदराखाली झाकून आनले. मोटारीत एक बाई इचारे, लेकरू केवढं झालं? म्हटलं, मिशा फुटल्या!

११ सप्टेंबर

या मेल्याइचे अंगठे! बाही चढवाले गेलं का अंगठा अडकते. मंग हातावर बटरपेपरचा तुकडा गुंडाळला आन बाही सुरकन वर गेली. मशीन कामाची नाही, सगळं हातानं. पाटलाचं धोतर माह्या मालकाच्या, अमरसिंगच्या धोतरातून काढलं. तो असता त बोंबलला असता. नाही आता. कापलं.

धनी रोज येऊन बसते. रामसिंगची बायको, माही शेजारीन. आमी दोघी एकाच साली लगीन होऊन या तांड्यात आलो, तवापासून एकीच्या चुलीवर दुसरीचा चहा. ती बाहुला धरते, मी टाके घालतो. आज म्हने, "रुपा, हा पोस्टमन पाह्य. आपल्या तांड्याच्या नायकावानी पोट पुढं काढून उभा हाय."

म्हटलं, "मंग अजून कापूस भरतो!"

भरला. आता हुबेहूब नायक.

१५ सप्टेंबर

कंडक्टरचा पट्टा आन पैशाची पिशवी राह्यली होती. धनीनंच रामसिंगच्या जुन्या सायकलीच्या शिटवरचं रेक्झिन सोलून आनून देलं. चमकते कसं! शेठ फसन का हे चामडं हाय म्हनून — आधीच सांगून ठेवाले पाह्यजे.

१८ सप्टेंबर

सांगतलं. शेठनं नखानं खरवडून पाह्यलं, नाकाले लावलं, हासला. पडदा काढून टाकला! लोकं उभे राहून पाह्यतात.

मंग हळूच म्हने, "एक तांड्याची बाई पाह्यजे. असली. जुन्या चालीची."

म्हटलं, "बाई कोठून आनू? सगळे बाप्ये हायेत तुमचे."

"यातलाच एक घ्या," म्हने.

गालावर जखमंचा वन असलेला सोजीर उचलला. म्हटलं चाल बाप्पा, तुह्या नशिबात लुगडं होतं!

२४ सप्टेंबर

आज पेटी उघडली. माह्या लग्नाचा फेट्या, आमचा घेरदार घागरा, आन कांचळी चोळी. अमरसिंग गेला त्या दिवशी बायाइनं अंगावरून उतरवले ते तसेच घडी करून ठेवले होते. रांडमुंड बाई असे रंग घालत नाही.

धनीनं हात धरला. "रुपा, हे कापू नोको. बाजारातून आन दुसरं."

"शेठले असली पाह्यजे. आन मी काय हे मेल्यावर घालू?"

कैची लावली. घेराच्या कडंनं आरसे होते, त्यातले एकदम बारके काढून घेतले. कांचळीले मांगून बंद लावले, खरे, सुटनारे. छातीत कापूस भरला. गालावरचा वन ओढणीनं झाकला.

दिव्यापुढं धरली. झळाळली ना! लय दिवसांनी मी ते कपडे कोनाच्या तरी अंगावर पाह्यले. धनी नाक पुसत होती.

३ ऑक्टोबर

दसरा झाला. बाई पोचवली. शेठनं मधात उभी केली, पाटलाच्या बाजूले. दोन्ही हात जोडून म्हने, "वा रुपाबाई! हे तर तुम्हीच!"

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. कपाटात का होईना, मी उभी हाय. अंगावर सगळे रंग घालून.

१२ ऑक्टोबर

धनी काल रामसिंगसंग मंगरूळले गेली होती, दिवाळीचं कापड घ्याले. आली तवापासून तोंड शिवलेलं. म्हटलं, रामसिंगनं मारलं का? मान हालवली नुसती. चहा बी नाही घेतला.

१६ ऑक्टोबर

आग लागो!

आज दुकानात गेली त कपाटाले पुन्हा पडदा. शेठाणीनं मले पायरीवरच उभं केलं. गाठोडं हातात देलं. सगळे कपडे परत! "चामडं घातलं तू. आमच्या घरात चामडं! आता यायचं नाही."

"शेठाणीबाई, रेक्झिन हाय ते. शेठजीले इचारा—"

"शेठ गावाले गेले. तुझ्याच धनीबाईनं येऊन सांगितलं. शपथ घेऊन."

धनी! जिनं सोताच्या हातानं ते रेक्झिन सोललं!

मोटारीतून कशी आली, आठवत नाही.

१७ ऑक्टोबर

तिच्या दारात गेली. भाकर थापत होती.

"सांगतलं का तू?"

"सांगतलं."

"खोटं बोलली?"

"हाव."

"काहून?"

तव्यावरची भाकर जळून राह्यली, तरी तिनं उलटली नाही.

"धनी, मी काय वाकडं केलं तुह्यं? माह्याकडं तेवढं एकच होतं."

"पुसू नोको, रुपा." बस्, एवढंच!

घरी येऊन गाठोडं सोडलं. पाटलाचं धोतर हाय, पोस्टमनची टोपी हाय, कंडक्टरचा पट्टा हाय. बाईचे कपडे नाहीत. माह्या फेट्याचं चिंधूक बी नाही.

आता समजलं. तिची लेक उजवाची हाय पुढच्या साली. आरसे पाह्यजे होते धनीले! खोटं सांगून शेठाणीकडून आधीच घेऊन आली असन. मांगतले असते त मी देले नसते का? पुरा फेट्या देला असता.

१८ ऑक्टोबर

इहिरीवर मी सगळ्या बायांपुढं बोलली. तिले आरसेचोर म्हटलं. धनीनं घागर डोक्यावर घेतली आन गेली. उलटून एक शब्द नाही. चोराच्या तोंडात शब्द कोठून येईन?

रात्री मलेच जेवन गेलं नाही.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. तिनं करंज्या धाडल्या. कोंबड्याइले टाकल्या.

३१ ऑक्टोबर

ऊसतोडीचा ट्रक लागला. रामसिंग आन धनी बी चालले, आता उन्हाळ्यातच येतीन. दरसाली तिचं बोचकं मीच बांधून देतो. यंदा मी कडी लावून बसली.

ती दाराशी आली. "रुपा. दार उघड ना व."

नाही उघडलं.

"बरं, नोको उघडू. एक आयक. शेठच्या दुकानात पुन्हा जाऊ नोको. कोनी बलावलं तरी जाऊ नोको. माही आन हाय तुले."

वा ग वा! जाऊ नोको! म्हंजे हिचं खोटं उघडं पडू नोये!

ट्रक गेला. लोकं वरडत होते, लेकरं रडत होते. मी दाराच्या फटीतून बी पाह्यलं नाही.

जाईन. मुद्दाम जाईन!

४ नोव्हेंबर, गुरुवार

कंडक्टरचा पट्टा घेऊन गेली. शेठ दुपारपर्यंत येत नाही, दुकानात शेठाणी एकटीच. तिच्यापुढं काडी लावली. चामडं जळलं त केस जळल्यावानी वास येते. हे टपटप गळालं, प्लास्टिकसारखं.

"पाह्यलं? चामडं हाय का?"

शेठाणी म्हने, "मला माहीत होतं. चामड्याचं मी आणि धनीबाईनं मिळून ठरवलं होतं. तू रागानं यायचं सोडशील म्हणून."

मंग तिनं गल्ल्याखालचं फळकूट सरकवलं. आत माही बाई. कांचळीचे बंद तुटलेले. ओढणीवर पानाचे डाग.

"बाकीचे कपडे मी उतरवले. ही शेठनी दिली नाही. चार दोस्त जमले का काढतात, बंद सोडतात, नाव घेतात. तुझं नाव, रुपाबाई. धनीबाईनं ते पाहिलं. शेठच्या पाया पडली, द्या म्हणाली. ते हासले. मग माझ्याकडं आली. म्हणे, रुपाले हे कळलं त ती मरून जाईन. तिनं आपल्या लग्नाचे कपडे कापले."

मी तिथंच कपडे उतरवून घेतले. सोजीर नागडा गल्ल्यावर बसवला, दरवाज्याकडे तोंड करून.

५ नोव्हेंबर

उद्या दुसरा ट्रक हाय. मुकादमाले म्हटलं, मले बी घ्या. तो हासला — "एकट्या बाईले कोठं नेऊ?"

म्हटलं, एकटी नाही. धनीबाईपाशी चालली.