वर्षाच्या मध्येच रिकामी झालेली खोली

ती. बाबा आणि आई,
नमस्कार. मी ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

धाकटीसाठी तुम्ही सांगितलेल्या दोन्ही निवासी शाळा पाहून आले. निकालात पहिली खरोखरच पुढे आहे. तिथे अकरावीत मध्येच कुणाला जागा मिळत नाही, पण सध्या एक रिकामी आहे. "नशीबवान आहे हो तुमची बहीण," असं म्हणत रेक्टरबाई मला खोली दाखवायला घेऊन गेल्या.

खोली स्वच्छ आहे, उजेडही चांगला. इमारती तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे नजर आधी दाराकडे गेली. मजल्यावरच्या सगळ्या चौकटी जुन्या, या एकाच दाराची नवी. आतल्या कड्या मात्र सगळ्याच दारांच्या काढलेल्या, भोकं पुट्टीने बुजवलेली.

"मुली कडी लावून बसतात, हाका मारून आमचा घसा बसतो," बाई हसून म्हणाल्या. आधीची मुलगी कुठे गेली, असं मी विचारलं.

"चहा घेणार ना?" त्या म्हणाल्या.

बाबा, दार बाहेरून फोडावं लागलं की चौकट बदलतात. त्यापुढचं मी विचारलं नाही.

दुसरी शाळा निकालात मागे आहे. तिथे मुली जिन्यात मोठमोठ्याने भांडत होत्या. मी तिथलाच अर्ज भरला. पहिल्या शाळेचं तुम्ही चार लोकांत सांगून बसला आहात, हे मला ठाऊक आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

धाकटी हल्ली फोनवर नुसतं 'हो' म्हणते. आज तिच्याजवळ जरा बसा.

तुमची,
थोरली