शाळेच्या फळ्या

सॉल्टर्स क्रीक, व्हर्जिनिया
८ सप्टेंबर १९५९

चि. ल्युशस यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

डेट्रॉइटच्या मोटारी तुझ्यावाचून अडल्यात वाटतं, दोन ओळी नाहीत तुझ्या! काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत असं पाच वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्ट म्हणालं, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं! बाबांनी हातानं बांधलेली आपली जुनी शाळा आनंदाच्या भरात पाडली, फळ्यांची चर्चमध्ये जेवणाची बाकं केली. पोरं त्याआधीपासूनच काउंटी सरकारनं बांधलेल्या डांबरी कागदाच्या कच्च्या खोल्यांत शिकत होती. आता काळी-गोरी पोरं एकत्र बसवायला नकोत म्हणून काउंटीनं सगळ्याच सरकारी शाळांना कुलूप ठोकलंय. त्यांचा वकील म्हणतो, शाळा चालवायलाच हवी असं घटनेत कुठंय? काळ्या-गोऱ्या दोघांनाही बंद, मग भेदभाव कसला! गोऱ्यांची पोरं खाजगी शाळेत बसलीसुद्धा. आमची व्हर्लीन मात्र घरी. नर्स व्हायचंय रे पोरीला.

लोभ आहेच, पत्रातून दिसू दे.
तुझी ओडेसा

डेट्रॉइट
२० सप्टेंबर १९५९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, हात दुखतात गं कारखान्यात. भाचीला लगेच धाड. मागची खोली रिकामी केलीय, शाळेतही बोलून आलोय. कोर्टाच्या भरवशावर बसू नकोस.

मायेतला,
ल्युशस

सॉल्टर्स क्रीक
२ जून १९६४

चि. ल्युशस यास आशीर्वाद.

तू खोली रिकामी केलीस आणि मीच मेलीनं पोरीला धाडलं नाही. शाळा उघडाव्यात म्हणून आपण काउंटीवर लावलेल्या दाव्यात तिचं नाव होतं ना! पोरंच निघून गेली तर वकील भांडणार कुणासाठी, असं पाद्रीबुवा म्हणायचे. नाताळपर्यंत निकाल लागेल म्हणता म्हणता हे कोर्ट त्या कोर्टाकडे बोट दाखवत राहिलं.

परवा एकदाचा निकाल लागला. इथल्याच शाळा बंद ठेवून गोऱ्यांच्या खाजगी शाळेला सरकारी पैसा पुरवणं घटनेत बसत नाही म्हणे. शाळा उघडायच्या. चर्चमध्ये सगळे रडले. मी बाकाखाली हात घातला तर बाबांनी ठोकलेला खिळा लागला. फार जीव तुटला रे.

व्हर्लीन विशीची झाली. तंबाखूच्या कोठारात पानांच्या जुड्या बांधते. निकाल सांगायला मी धावत गेले, तर मान वर न करता म्हणाली, मामाला कळव, आपण जिंकलो. आणि पुढची जुडी उचलली.

लोभ ठेव. राग धरलास तरी तो माझ्या हक्काचाच आहे.
तुझी ओडेसा