टिकलीनं मारलेल्या हाका

९ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मामानं ते दुकानातच उघडलं, त्यामुळे पाकिटावर वंगणाचा अंगठा उमटलाय, पण आतलं सगळं वाचता आलं. तुमच्या हवामान केंद्रावर डोंगरावरून जीप आठवड्यातून एकदाच ये-जा करते, तेव्हा उत्तराला उशीर झाला म्हणून मी रुसणार नाही. तूही रुसू नकोस.

नवी शाळा चांगली आहे. आपल्या जुन्या शाळेपेक्षा खूपच लहान. पाचवी ते आठवी एवढेच वर्ग, आणि प्रत्येक वर्गातली थोडी थोडी मुलं मिळून एक गट. गटानं आपापला व्हरांडा झाडायचा, जेवणाच्या सुट्टीत वाढायचं, बागेतल्या एका वाफ्याला पाणी घालायचं. दर शुक्रवारी सगळी शाळा हॉलमध्ये गोल करून बसते, त्याला सभा म्हणतात. मुख्याध्यापिकांना इथे मोठ्या बाई म्हणतात. त्याही आमच्यासारख्याच जमिनीवर बसतात आणि बोलायचं असेल तर हात वर करतात.

सातवीतल्या प्रत्येकाकडे पाचवीतलं एक मूल सोपवतात. माझ्याकडे जी आलीय तिला सगळे टिकली म्हणतात, कारण ती आहेच तेवढीशी. ती फार बोलते. आणि बोलायच्या आधी दर वेळी माझी बाही ओढते. एक बाही दुसरीपेक्षा लांब झालीय, असं मामी म्हणते.

परवा एक गंमत झाली. विज्ञानाच्या सरांनी पानं आणायला सांगितली होती आणि मी मामाच्या दुकानातला पाना घेऊन गेले. सगळ्यांच्या बाकांवर हिरवी-पिवळी पानं, माझ्या बाकावर तो लोखंडी पाना. मला वाटलं होतं, यंत्रांचा धडा असेल. सरही हसले. आता वर्गात माझं नावच पाना पडलंय. मीसुद्धा हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू काही पुरलं नाही.

सर्दी थोडी आहे. काळजी करू नकोस. इथून माझी आठवण पाठवतेय, तिकडून तुझी माया येऊ दे.

तुझी,
भिंगरी


२ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. दुकान चालू आहे. पोरं सायकली मोडायचं काम मनापासून करतायत, त्यामुळे मला काम कमी नाही. तुझी वहिनी मजेत आहे. तिचा आवाज तुला ठाऊकच आहे. ती स्वयंपाकघरातून मीठ संपलं म्हणते आणि शेजारच्या बाई डबा घेऊन येतात.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. काल भाषेच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. भिंगरीचा अभ्यास घसरलाय. निबंध होता आवडत्या ऋतूवर, आणि आपल्या बाईसाहेबांनी आवडत्या वस्तूवर पानभर लिहून ठेवलंय. ते लिहिलंय मात्र छान, असं बाई स्वतःच म्हणाल्या. गणितात तोंडी प्रश्न विचारले की ती खिडकीकडे बघते. मुलं म्हणतात, ती शिष्ट आहे, मागून हाक मारली तर वळूनही बघत नाही. बाईंनी मला हळूच विचारलं, घरी काही बिनसलंय का, आईपासून लांब राहिल्यानं मुलगी मिटून गेलीय का.

घरात ती अगदी नीट आहे. वहिनीशी गप्पा मारते, हवा भरायला आलेल्या गिऱ्हाइकांना पंप देते. पण एक खरं, पूर्वी ही पोरगी दिवसभर गरगरत असायची, म्हणून तर आपण तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता एका जागी बसून असते. तू येऊ शकत असशील तर बघ. नसशील तर निदान चांगलं लांबलचक पत्र लिही.

तब्येतीला जप आणि आमच्यावर लोभ असू दे, तो काही थंड हवेत गोठत नाही.

तुझा,
दादा


११ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. इथे दर तीन तासांनी वारा मोजायचा, ढग बघायचे, आकडे खाली कळवायचे. ढगांचं मला सगळं कळतं आणि माझ्या मुलीचं काही कळत नाही, असं वाटायला लागलंय.

बदली माणूस मिळाल्याशिवाय मला उतरता येत नाही. ती माझ्याविना कुढत असेल तर मी तिला तिथे ठेवलं हेच चुकलं. पण इथे शाळा नाही, आणि तुमच्याइतकं तिला कोण सांभाळणार होतं? तिला वेगळं पत्र लिहिलंय. रागावले नाही. वर्गात लक्ष दे, एवढंच लिहिलंय.

वहिनींना नमस्कार. भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवलास तर तो माझा समज.

तुझी,
छोटी


२५ ऑगस्ट

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आहे, पण कोणाला इजा झालेली नाही, हे आधी सांगतो.

शाळेत जिन्याखाली खेळाच्या सामानाची खोली आहे. मंगळवारी शाळा सुटायच्या वेळी टिकली दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या ठेवायला आत गेली. भिंगरी बाहेर बाकावर पुस्तक वाचत तिची वाट बघत होती. वाऱ्यानं दार लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. आत अंधार. पोर ओरडली, दारावर थापा मारल्या. मैदानावर फुटबॉल चालू होता, त्या गलक्यातही वरच्या मजल्यावरच्या मुलांना काहीतरी ऐकू गेलं. खेळाचे सर धावत आले तेव्हा टिकली आत हमसून हमसून रडत होती, आणि आपली भिंगरी दारापासून हाताच्या अंतरावर पान उलटत होती.

आता सगळे म्हणतात, तिनं मुद्दाम दार उघडलं नाही. कोणी म्हणतं, कडीही तिनंच घातली. टिकलीला त्या संध्याकाळी ताप आला, ती घरी आहे. तिचे वडील शाळेत येऊन भांडून गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, टिकली परत आली की शुक्रवारच्या सभेत दोघींचं ऐकायचं आणि मग ठरवायचं. तोवर भिंगरीनं घरीच राहावं. तिला शाळेतून काढायचं, असंही काही पालकांचं म्हणणं आहे.

भिंगरीला मी विचारलं, वहिनीनं विचारलं. ती एकच सांगते, मला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं तेही सांगणं सोडून दिलं. तिच्या हातचं पत्र सोबत जोडतोय.

तुझा,
दादा

(सोबत)

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी दार लावलं नाही. मी वाट बघत होते. ती इतका वेळ का लावतेय, असं मला वाटलं, पण तिला दोऱ्या नीट गुंडाळून ठेवायला आवडतं. मला तिचा आवाज आला असता तर मी उघडलं नसतं का? ती घाबरली असेल, हे सारखं मनात येतं. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

तुझीच,
भिंगरी


१ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जीप उभी आहे, म्हणून चार ओळी. ती म्हणते ऐकू आलं नाही, तर नसेल आलं. ती कामचुकारपणा करेल, हट्ट करेल, पण लहान पोरीला अंधारात रडत ठेवणार नाही. सभेत तू तिच्या शेजारी बस. कोणी काही म्हटलं तरी उठू नकोस. शाळा सोडायला सांगितली तर तिला घेऊन ये, मी इथल्या खोलीत बसवून शिकवीन.

एक गोष्ट मनात आली आणि मी ती झटकून टाकली, पण पुन्हा येतेय. आपल्या बाबांना चाळिशीतच ऐकू येईनासं झालं होतं. शेवटी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागायचं. बारा वर्षांच्या मुलीला असं होतं का रे? देव करो आणि मी वेडी ठरो. पण तिला कानाच्या डॉक्टरांकडे ने.

तुझी,
छोटी


७ सप्टेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज पोचलं. पण त्याआधीच, म्हणजे शुक्रवारी सभा झाली आणि शनिवारी आम्ही डॉक्टरांकडे जाऊनही आलो. खुर्चीत नीट बसून वाच. सगळं बरं आहे.

हॉल भरलेला होता. मी भिंगरीच्या शेजारी मांडी घालून बसलो. पँटला वंगण होतं, त्याचं भान नंतर आलं. आधी टिकलीचे वडील बोलले, मग वर्गातली दोन मुलं, ती हाक मारली तरी वळत नाही वगैरे. मग मोठ्या बाईंनी टिकलीला विचारलं की तू आतून ताईला हाका मारल्यास तेव्हा काय झालं. टिकली उभी राहिली आणि म्हणाली, मी ताईला हाक मारलीच नाही.

बाईंनी विचारलं, का नाही मारलीस. तर ती म्हणाली, ताईला ऐकू येत नाही ना, तिला हाक मारून काय उपयोग, म्हणून मी सरांना हाका मारल्या. ताईशी बोलायचं तर आधी बाही ओढावी लागते, मग ती तोंडाकडे बघते आणि मग तिला कळतं. आणि दाराच्या आडून बाही कशी ओढणार? हे सगळं तिनं असं सांगितलं, जसं काही शाळेत प्रत्येकाला माहीतच असणार. खेळाचे सर खाली बघत म्हणाले की खरंच, आतून सर, सर अशाच हाका येत होत्या.

छोटे, मी भिंगरीकडे बघितलं. ती टिकलीच्या तोंडाकडे बघत होती. पोर डोळ्यांनी ऐकत होती आणि आम्ही एवढे मोठे लोक तिच्या लक्ष नसण्याबद्दल बोलत होतो. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं, हळूहळू झालं म्हणून. घरी कळलं नाही, कारण वहिनीचा आवाज. दुकानात कळलं नाही, कारण तिथे सगळेच ओरडून बोलतात. टिकलीचे वडील उठून आमच्याकडे आले. त्यांनी भिंगरीचं दप्तर उचललं आणि फाटकापर्यंत आणून दिलं.

रात्रभर बाबा माझ्याही डोळ्यांसमोर होते. डॉक्टरांनी तपासलं, यंत्रावर आवाज ऐकवले. सर्दी अंगावर काढल्यामुळे दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठून घट्ट झालंय. छोटीशी शस्त्रक्रिया करून ते काढतात, बारीक नळ्या बसवतात, आणि ऐकू येतं. बाबांना झालं होतं तसलं हे काही नाही. मी त्यांना हे पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तुमचेही कान तपासून टाकू या का.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की केंद्राच्या बिनतारी यंत्रावर निरोप देतो. आता पोटभर जेव.

तुझा,
दादा


१० ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बदली माणूस मिळाला म्हणून शस्त्रक्रियेला तू आलीस, ते किती बरं झालं. तू परत गेल्यावर घर रिकामं वाटलं, पण शांत नाही वाटलं. आता काहीच शांत वाटत नाही. फळ्यावर खडू करकरतो. जेवणाच्या हॉलमध्ये चमच्यांचा केवढा आवाज असतो. मामा स्क्रू पिळताना शीळ घालतो, आणि बेसूर घालतो. मामीला मी जरा हळू बोल म्हटलं, तर ती दिवसभर माझ्याशी कुजबुजत होती, रागानं.

दवाखान्यात मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा तू दारापाशी नर्सबाईंना अगदी हळू विचारलंस की तिला जाग कधी येईल. मी म्हटलं, आलीय. मग तू किती वेळ काही बोललीच नाहीस. तेव्हा मला वाटलं, पुन्हा बिघडलं की काय.

वर्गातल्या मुलांनी सभेत माफी मागितली. एकानं तर इतक्या मोठ्यानं मागितली की मला कानांवर हात ठेवावे लागले. टिकलीला मी सांगितलं, आता बाही सोड. पण तिची सवय जात नाही.

आणि एक सांगायचंय. गणिताच्या बाईंनी डायरीत शेरा दिलाय. मी तासभर शेजारणीशी बोलत होते, असं त्यांचं म्हणणं. तासभर नव्हते. ती इतकं हळू बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे थांबावंसंच वाटेना. मामानं सही केली आणि कोणालाही दिसेल अशा जागी डायरी दुकानात उघडून ठेवली. तू रागावणार असशील तर लवकर रागाव, म्हणजे मला वाट बघायला नको.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी


१९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र जीपवाल्यांनी दिलं तेव्हा मी वारा मोजत होते. आकडे कळवून झाल्यावर वाचलं. मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शेऱ्याचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

मी तुझी आई आहे, तेव्हा शेरा आल्यावर रागवायला हवं. त्यासाठी कागद घेतला, दोनदा सुरुवात केली, दोनदा फाडला. आता तिसरा आहे आणि बाहेर जीप भोंगा वाजवतेय, म्हणून थोडक्यात लिहिते. वर्गात बाई शिकवत असताना बोलू नये. बाईंची माफी माग. डायरी दुकानातून घरात आण.

हे लिहिणं माझं काम होतं, ते मी केलं. आता त्या तासाला ती शेजारीण काय म्हणाली, ते मला सविस्तर लिही. एकही शब्द गाळू नकोस.

मामा-मामींना नमस्कार, टिकलीला पापा. तुझ्यावर जीव आहे, हे पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही.

तुझी,
आई