हात लागलेली चिमणी

७ फेब्रु. १९५५, सोमवार. डोंबिवली.
पंप आला एकदाचा. पितळी दांडा, काचेची मोठी हंडी, खाली रबराची चकती. देणगी वखारवाल्या शेटजींची. हे.मा. (हेडमास्तरांना इथे तरी मी एवढंच म्हणणार) दिवसभर पेटीभोवती घिरट्या घालत होते.
२१ला इन्स्पेक्टर येणार, सोबत शेटजी. "आठवीच्या वर्गात चिमणीचा प्रयोग लावा, बाई," हे.मा. म्हणाले. चिमणी हंडीत ठेवायची, पंपाने हवा काढून घ्यायची, ती कोसळली की हवा परत सोडायची. चिमणी उठते, टाळ्या पडतात. लहानपणी त्यांच्या मास्तरांनी दाखवला होता म्हणे. सांगताना डोळे चमकत होते.
मी म्हटलं, "बघते." ठाम "नाही" म्हणायचं सोडून "बघते"! जूनमध्ये नोकरी कायम व्हायचीय, तीच बोलली माझ्या तोंडून.

९, बुधवार
शाळा सुटल्यावर एकटीने पंप चालवून पाहिला. हंडीत दादाचं गजराचं घड्याळ ठेवलं, वाजतं. दांडा मारत गेले तसा आवाज बारीक होत होत पार गेला. हातोडी घंटेवर आपटतेय आणि चिडीचूप! एकटीच हसले. कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्ष आज पाहिलं.
हे.मा.ना सांगितलं. "घड्याळ घरोघरी वाजतं, बाई. त्यात काय बघायचं?"
वाजतं घरोघरी. गप्प होताना कुणी पाहिलंय?

११, शुक्रवार
आज रंगीत तालीम. मला न विचारता. गणू शिपायाने व्हरांड्यात टोपलीला काडीचा टेकू दिला, खाली तांदूळ, काडीला सुतळी. चिमणी मिळाली ती आठवीच्याच वर्गातली, सरस्वतीच्या तसबिरीमागे घरटं आहे तिथली. मुलांनी लगेच ओळखली.
दांडा हे.मा.नी स्वतः मारला. ती आधी उडायला बघत होती, काचेवर आपटत होती. मग बसली. मग चोच उघडी, मान कलंडलेली. "आता हवा सोडा!" मी कळ फिरवली. बऱ्याच वेळाने पाय हलला. टाळ्या दोघाचौघांनी वाजवल्या, मग इकडेतिकडे बघून हात खाली घेतले.
मागच्या बाकावरची मंदा पाटील उभी राहिली. शेजारच्या आगरी गावातून चालत येते, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. "बाई, आमची आय बोलते, मानसाचा हात लागला का बाकीच्या चिमन्या तिला टोचून मारतान. मग हिला कोन घेईल परत?"
हे.मा. हसले. "सांगा तिला, बाई, ही भाकडकथा आहे. विज्ञान शिकवता ना तुम्ही?"
भाकडकथा असेल. पण मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना "नाही" म्हणायला मी विज्ञान शिकवत नाही.
चिमणी २१पर्यंत पिंजऱ्यात ठेवायची. "आता तिला सवय झालीय," हे.मा. म्हणाले. सवय!

१२, शनिवार
खात नाही. कोपऱ्यात फुगून बसलीय. चिमणा चोचीत काडी घेऊन खिडकीत येतो, थांबतो, जातो.
पंखावर कुणीतरी लाल शाई लावलीय. भडकले. "कुणी केलं हे?" मंदा म्हणाली, "आमी, बाई. सोडल्यावर वलखायला पायजे ना. बाकीच्या तिला घेतान का नाय ते बघायला." "विश्वास ठेवू नका, पाहा," हे वर्षभर मीच कानीकपाळी ओरडतेय.
घरी सांगितलं. वहिनी: "एक चिमणीच ना, वन्सं? मरत तर नाही." दादा: "जूनपर्यंत तोंडाला कुलूप घाल." त्याचंही खरं. चार वर्षांपूर्वी अलिबागचं सासर सोडून ट्रंक घेऊन परत आले, तेव्हा दार त्यानेच उघडलं. त्याच्यावर किती दिवस भार टाकायचा?

१४, सोमवार
सांगून टाकलं. "मी हा प्रयोग करणार नाही."
हे.मा. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. शांतपणे विचारलं, "मासे खाता ना, बाई?"
"खाते."
"मग?"
उत्तर सुचलं नाही. अशी चीड आली स्वतःची! घरी येताना, रुळाच्या कडेने चालताना सुचलं: मासा खाताना मी आठवीचा वर्ग टाळ्या वाजवायला बोलावत नाही. हवा नसली की जीव गुदमरतो हे पोरांना कळतंच, विहिरीत डुबकी मारणाऱ्याला कोण शिकवायला जातं? हंडीपुढे बसून ती शिकतात ते वेगळंच. गुदमरणारं बघत बसायचं, आणि मोठ्यांनी सांगितलं की टाळ्या वाजवायच्या.
निघताना म्हणाले, "तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मी काय लिहू?"
"घडलं ते लिहा."
बोलले खरी.

१५, मंगळवार
हे.मा. कामाला ठाण्याला गेलेले. वर्गात पिंजरा उघडला. ती बाहेरच येईना. मग दारात आली, खिडकीत बसली, आणि समोरच्या चिंचेवर गेली. तिथला थवा भर्रकन उडाला.
"बगा, बाई. टाकली तिला," मंदा.
"आपण सगळे खिडकीत गोळा झालो म्हणून उडाल्या." म्हटलं, पण मलाही आधी तेच वाटलं होतं. मी परत आले त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मला कुणी टोचलं नव्हतं. शेजारणी फक्त सतरंजीवर जरा सरकून बसल्या. अजून लागतं ते.

१६, बुधवार
हे.मा.: "हा आज्ञाभंग आहे." मी: "हो." गणूला दुसरी चिमणी धरायचं फर्मान सुटलं. प्रयोग आता ते स्वतः करणार.

१८, शुक्रवार
गणू वैतागलाय. टोपली लावतो, तांदूळ टाकतो, चिमण्या उतरतात, आणि वर्गातून टाळ्यांचा कडकडाट! चिमण्या पसार. कालही तेच. सातवीवालेही सामील झालेत. हे.मा. छडी घेऊन आले तेव्हा सगळे कवितेला ताल धरून बसलेले. मी तोंडावर पदर धरून फळा पुसत होते. मी सांगितलेलं नाही त्यांना, शपथ.
हे.मा.ना टाळ्याच हव्या होत्या ना.

२१, सोमवार
चिमणी मिळालीच नाही. ऐनवेळी हे.मा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावा तुमचं घड्याळ."
लावलं. आवाज गेला तेव्हा वर्ग असा शांत झाला की इन्स्पेक्टर कानामागे हात धरून पुढे वाकले. हवा सोडली, घंटा परत आली, पोरांनी टाळ्या पिटल्या. शेटजी म्हणाले, "पण ते चिमणीचं?" हे.मा.नी सांगितलं, "बाईंनी नकार दिला." खोटं नाही बोलले. इन्स्पेक्टर नुसते "हं" म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

४ मार्च, शुक्रवार
नोकरीचं काही कळलं नाही. हे.मा. आता माझ्याशी चिठ्ठ्यांमधून बोलतात. दादा रोज जेवताना बघतो माझ्याकडे, विचारत नाही. जूनला काय करायचं ठाऊक नाही. तरी परत विचारलं तर "बघते" म्हणणार नाही, एवढं नक्की.
लाल पंखाची इतके दिवस कुणाला दिसली नव्हती. आज तास चालू असताना तसबिरीमागे खुडबुड. चिमणा काडी घेऊन आत गेला, रिकाम्या चोचीने बाहेर आला. आत कुणीतरी बसलेली. नुसती शेपटी दिसत होती.
मंदा बाकावर चढली. "बाई, तसबीर जराशी सरकवू? पंख दिसंल."
केवढं बघावंसं वाटत होतं मलाही! ही तीच असेल, घेतली असेल परत. नाहीतर चिमण्याने दुसरी आणली असेल.
"नको. उतर खाली. हात लावायचा नाही."
ती उतरली. पुस्तकं उघडी, सगळ्यांच्या माना वर. घंटा झाली, पण जागचं कुणी उठलं नाही. मीही नाही.