उशीमागची भाकरी

आई, अमेरिकेतनं तुझ्या आन आण्णांच्या पाया पडते.

मी बरी हाय. माझ्या वर्गातली तामार ज्यू हाय. तिनं त्यांच्या पासओव्हर सणाला हॉस्टेलात जेवायला नेलं. फुकट जेवू घालतात म्हणजे धर्म बदलायला लावतील, म्हणून मी जपूनच बसले.

तेवढ्यात तामारनं पातळ भाकरीचा तुकडा फडक्यात गुंडाळून उशीमागं लपवला. मी त्या उशीवरनं नजर हटवली न्हाई. जेवणानंतर सगळ्याजणी तोच तुकडा शोधायला लागल्या. सणाची रीतच हाय म्हणं. मी सरळ काढून दिला. लई टाळ्या पडल्या.

तुमी ऊसतोडीवरनं पाथर्डीला आले का? तीन आठवडे झाले, आण्णा फोनवर येत न्हाईत. दर वेळी तू म्हणतीस, आंघोळीला गेलेत.

आई, लपवलेलं मला सापडतं.

तुझी ज्ञानू