फक्त लिहायचा भाव

चपलांचा दुकानदार दीडशेवरून एकशे दहावर आला, मावशी, आणि मी सवयीने पायरी उतरायला लागलो, तेव्हा तुझी आठवण झाली. (नमस्कार राहिलाच. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा समज. डावा अजून कुरकुरतो का? मी इकडे बरा आहे, म्हणजे निदान काल संध्याकाळपर्यंत होतो.)

माझ्या नोकरीचं तुला कधी नीट सांगितलं नाही. आईने सगळीकडे ‘वरच्या ऑफिसात आहे’ असं सांगून ठेवल्यामुळे खरं सांगायची सोय राहिली नाही. मी दुकानोदुकानी भाव विचारत फिरतो. तेल, साबण, चप्पल, छत्री, अशा तीस वस्तूंची यादी, देशभर एकच. एका भागात माणसाचं महिना हजारात भागत असेल आणि दुसऱ्या भागात दीड हजार लागत असतील, तर गरिबीची रेघ दोन्हीकडे वेगळ्या उंचीवर ओढावी लागते. रेघ ओढणारे वर बसतात. त्यांच्या पेन्सिलीला टोक काढणारा मी. यंदा तुमच्या भागाचा बाजार माझ्या वाट्याला आला. (तुझ्याकडे यायला वेळ झाला नाही. बस दोन तासांची आहे, हे मला माहीत आहे.)

नियम एकच: दुकानदार सांगेल तो भाव लिहायचा. पण सांगितलेल्या भावात वस्तू घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे भोळा समजतात (उदाहरणार्थ, माझे वडील), आणि मला बाजार तू शिकवलास. मी पायरी उतरलो तसा दुकानदाराने मागून विचारलं, घ्यायची आहे ना नक्की? म्हटलं, नाही, फक्त लिहायची आहे.

“मग आधी नाही का सांगायचं? लिहायचंच आहे तर नव्वद लिहा. माझ्या बापाचं काय जातंय.”

त्यानंतर मी दुकानात शिरतानाच सांगू लागलो की घ्यायचं काही नाही, लिहायचं आहे. भाव पायाशी लोळण घेऊ लागले. छत्रीवाल्याने बसायला खुर्ची दिली. भांडेवालीने शेजारणीचा भाव विचारून घेतला आणि स्वतःचा पाच रुपयांनी कमी सांगितला. कागदावरसुद्धा तिला महाग ठरायचं नव्हतं. तीन दिवसांत यादी संपली. तुमचा भाग देशात सगळ्यात स्वस्त निघाला. साहेबांचा फोन आला. अकरा वर्षांत ते मला पहिल्यांदा ‘अहो’ म्हणाले.

काल इथल्या रेशन ऑफिसातल्या कारकुनाने मोठ्या कौतुकाने नावांची नवी यादी दाखवली. भाव उतरले म्हणून रेघ उतरली, आणि रेघ उतरली म्हणून चार हजार घरं तिच्या वर आली. ती आता गरीब नाहीत, तेव्हा पहिल्या तारखेपासून त्यांची रेशनकार्डं बंद. दोनशे बाराव्या ओळीत तुझं नाव आहे. मंगळवार ते गुरुवार या अवधीत तू गरिबीतून वर आलीस, मावशी, आणि तुला कोणी कळवलंही नसेल. माझं बोट तिथे थांबलं तेव्हा कारकुनाने विचारलं, कोण या?

“ओळखीच्या आहेत,” मी म्हणालो.

तुझा
(आकडा दुरुस्त होईपर्यंत भाचा म्हणवत नाही)

ता. क. एक विनंती आहे. भाव खोटे ठरवायला खऱ्या खरेदीच्या पावत्या लागतील. तुझ्या जुन्या पावत्या पाठवू नकोस, त्या माझ्या आकड्यांहूनही खालच्या असतील. सोबत पैसे ठेवतो. एकदाच बाजारात जा, तेल, साबण आणि छत्री दुकानदार सांगेल त्या भावाला घे, आणि गप्प घरी ये. मी काय मागतोय याची मला कल्पना आहे.

ता. क. २. सकाळी साहेबांना फोन करून चूक सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, पावत्या आणा, मग बघू. तोवर कार्डांचं काय, असं विचारलं. तो आपला विभाग नाही, म्हणाले. म्हणून पत्र पेटीत टाकलं नाही. दहाच्या बसमध्ये बसलो आहे, ते हातातच देईन. खरेदीला दुकानात तुझ्याऐवजी मी एकटा जाईन. तू रस्त्यापलीकडे थांब, आणि भाव कानावर आला तरी आत येऊ नकोस.