आईचे मिटलेले डोळे

केडगाव, मंगळवार

ती. एस्तेरताईस धाकट्या मोझेसचा सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? अकोल्याच्या थंडीत जास्तच कुरकुरत असेल. भाओजींना सलाम सांग. प्रभुकृपेने आम्ही बरे आहोत. म्हणजे दया बरी आहे आणि मी तिच्या तोंडासमोर जायचं टाळतो आहे. कारण सांगतो.

आईला जाऊन वर्ष होतंय, महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थना आहे. भिंतीवर लावायला तिचा एक चांगला फोटो हवा, म्हणून मी ट्रंक उपसली. चाळीस वर्षांचे फोटो निघाले. नाताळ, तुझं लग्न, माझं लग्न, आमच्या मार्कचा बाप्तिस्मा (त्यात मला केस आहेत, फोटोची कला थोर म्हणतात ती उगाच नाही), आणि एकूण एक फोटोत आईचे डोळे मिटलेले! माणसं रांगेत गप्प उभी राहिली की आता प्रार्थनाच होणार, हे तिच्या मनाने पक्कं धरलेलं. फोटोवाल्याने 'रेडी' म्हटलं की हिची मान खाली. माझ्या लग्नात तर फोटो निघाल्यावर मोठ्यांदा 'आमेन' म्हणाली होती.

शेवटी त्यातल्या त्यात बरा फोटो घेऊन बिभीषणच्या स्टुडिओत गेलो. तो म्हणाला, सर, कॉम्प्युटरवर डोळे उघडून देतो, फक्त घरातल्याच कुणाचे तरी द्या. मी आईच्या वळणावर गेलोय असं लहानपणापासून ऐकत आलोय, तेव्हा ऐटीत माझेच दिले. काल फ्रेम आली. राहीमावशी मुद्दाम बघायला आली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "आरं मोझेस, तू लुगडं कशापायी नेसलास?" दया हसून हसून बेजार. मग म्हणाली, सासूबाई तुमच्या नजरेने भाजीतलं मीठ तपासतायत, आधी तो फोटो उतरवा.

मला मात्र हसू आलं नाही, ताई. आईचा आवाज आठवतो, हात आठवतात, पण तिचे डोळे आता नीट आठवत नाहीत. वर्षातच ही गत! फोटो म्हणजे उधळपट्टी असं मी जन्मभर सांगत आलो, आणि आता फोटोसाठीच घर पालथं घालतो आहे.

असो. तब्येतीला जप.

तुझा,
मोझेस

ता. क. प्रार्थनेला येताना तुमच्याकडची तूरडाळ आण, असा दयाचा निरोप आहे. गुडघा दुखत असेल तर ओझं नको.

आणखी ता. क. पत्र खरं तर यासाठीच. फोनवर मला हे बोलवलं नसतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू मोबाईलवर आईचा फोटो काढलास, तेव्हा ती पडल्या पडल्या तुझ्याकडे टक लावून बघत होती. आजारी माणसाचे फोटो काय काढतेस म्हणून मी सगळ्या वॉर्डासमोर तुझ्यावर ओरडलो आणि तो पुसून टाकायला लावला. तू 'पुसला' म्हणालीस. ताई, तू जन्मात कधी माझं ऐकलेलं नाहीस. त्या दिवशीही ऐकलं नसशील, एवढीच माझी आशा आहे.